उलट्या अर्थाचे दिवे

सासऱ्यांनी जावयाचं कधी कौतुक केलं नाही असं कुणी म्हणालं, तर ते साफ खोटं आहे. कौतुक ते उठताबसता करायचे, फक्त ते उलटं घ्यायचं असायचं. जावयाने नळ दुरुस्त केला आणि स्वयंपाकघरभर पाणी झालं, तेव्हा ते खुर्चीतूनच म्हणाले, "वा! घरात एक तळं हवंच होतं." खिळा ठोकताना भिंतीचा पोपडा निघाला तेव्हा म्हणाले, "हात आहेत की काय आहेत! जपा हो त्यांना."

आणि जावई बिचारा सरळ माणूस. त्याचं औषधांचं दुकान होतं. त्या धंद्यात शब्दाला एकच अर्थ असतो. दिवसातून दोनदा म्हणजे दोनदा आणि जेवणानंतर म्हणजे जेवणानंतर. त्यात कुणी थट्टा करत नाही, केली तर पोलीस येतात. त्यामुळे लग्नानंतर पहिल्यांदा सासरी जेवायला गेला असताना त्याने आग्रहावरून एक गाणं म्हटलं आणि सासरे म्हणाले, "अहो, थांबलात का? कान तृप्त व्हायचेत अजून," तेव्हा या गृहस्थाने आणखी दोन गाणी म्हटली. बायकोने टेबलाखालून लाथ मारली तेव्हा कुठे थांबला. पुढे हळूहळू त्याला कळत गेलं, पण कळून करणार काय? उलट बोलावं तर जीभ वळायची नाही, आणि ऐकून घ्यावं तर रात्री झोप यायची नाही.

सासऱ्यांचं तिरकं बोलणं हे त्यांच्या नोकरीचं देणं होतं. विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासायचं काम त्यांनी जन्मभर केलं. लोक समोर बसून बिनदिक्कत थापा मारायचे आणि हे चष्मा पुसत ऐकायचे. "अस्सं! म्हणजे झाडच गाडीवर येऊन आदळलं म्हणा की," एवढं म्हटलं की समोरच्याला घाम फुटायचा. निवृत्त झाल्यावर दावे संपले, पण जीभ कशी निवृत्त होणार? ती घरी आली आणि जावयाच्या मागे लागली.

त्यांचा जीव एकाच गोष्टीत होता, ती म्हणजे त्यांची गाडी. घरात तिला सगळे बाईसाहेब म्हणायचे. सायीच्या रंगाची, गोलमटोल, आणि वयाने जावयापेक्षाही मोठी. चालायची मात्र ठणठणीत. दोष एवढाच की तिचे मागचे दिवे शर्टाच्या बटणांपेक्षा थोडेच मोठे होते आणि उजेड असा मिणमिणता की लागलेत की नाही हे बघायला मागे जाऊन डोळ्यांवर हाताची सावली धरावी लागायची. नुसता दिवा कुठला आणि ब्रेकचा दिवा कुठला, यातला फरक तर फक्त सासऱ्यांनाच दिसायचा.

त्यातूनच ते प्रकरण झालं. मागच्या महिन्यात एका बेकरीच्या व्हॅनने बाईसाहेबांना मागून धडक दिली. सासरे म्हणाले, कुत्रं आडवं आलं, मी ब्रेक दाबला, मागचा झोपला होता. व्हॅनवाला म्हणाला, दिवा लागलेला दिसलाच नाही. बंपर चेपला तो चेपला, शेजारी बसलेल्या सासूबाईंची मान अशी धरली की त्यांना पट्टा बांधावा लागला. कुणी हाक मारली की त्या अख्ख्या वळायच्या.

पट्टा बघून लेकीचं डोकं फिरलं. लेक बापाच्याच वळणाची होती, जीभही तितकीच धारदार, फक्त ती सरळ चालवायची. "बाबा, ऐका. रविवारी एक गृहस्थ गाडी बघायला येताहेत. त्याच्या आत मागचे दिवे असे झाले पाहिजेत की आंधळ्यालाही दिसावेत. झाले तर मी त्यांना येऊ नका म्हणून सांगते. नाहीतर बाईसाहेब जाणार."

"विक की!" सासरे म्हणाले. "मी काय, फडकं मळावं म्हणून तिला पुसतो रोज. मला काय त्याचं!"

पण शेवटी त्यांचा आवाज जरासा चिरकला. जावयाने तो ऐकला. आणि काय अंगात आलं कोण जाणे, तो म्हणून गेला, "मी बसवतो. हल्ली एलईडीचे दिवे मिळतात जुन्या गाड्यांसाठी. जुना बल्ब काढायचा, नवा लावायचा. मी वाचलंय."

सासऱ्यांनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "संपली काळजी! जावईबापूंनी वाचलंय."

जावयाचे कान लाल झाले. पण त्याने मनाशी ठरवलं की या वेळी या माणसाच्या तोंडून एक सरळ चांगला शब्द काढायचाच. एक, जास्त नको. गाडी वाचली तर तो शब्द मिळेल, गेली तर जन्मात मिळायचा नाही, हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानातून त्याने दिवे आणले. दुकानदार म्हणाला, "टाका आणि विसरा." हात लागलाच आहे तर पुढचे सिग्नलचे दिवेही बदलू म्हणून तेही आणले. संध्याकाळी सासऱ्यांच्या गॅरेजात गुडघे टेकून त्याने मागच्या लाल काचा उघडल्या, जुने बल्ब काढले, नवे लावले, आणि सासऱ्यांना म्हणाला, "बाबा, लावा दिवे."

सासऱ्यांनी बटण ओढलं. काहीच लागलं नाही. ब्रेक दाबला, काहीच नाही. सिग्नल डावा, उजवा, काही म्हणता काही नाही. आधी निदान काहीतरी मिणमिणायचं, आता गाडीमागे ठार अंधार.

"अप्रतिम!" सासरे म्हणाले. "आता चोरालासुद्धा सापडायची नाही." आणि घरात जाऊन त्यांनी मोठ्याने सांगितलं, "जावईबापूंनी दिवे लावले हो!"

आता मराठीत दिवे लावणे म्हणजे काय, हे काही कुणाला समजावून सांगायला नको. इतर लोक दिवे लावतात ते बोलण्यातच असतात. या जावयाने खरोखरचे दिवे लावले होते आणि तरीही ते लागले नव्हते. सासूबाईंनाही हसू आवरलं नाही, पण हसल्यावर मान दुखली आणि त्या "आई गं" करून गप्प झाल्या.

दुसऱ्या दिवशी आपल्या दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी असताना जावयाने एका वायरमनला फोन लावला. हा वायरमन गाड्यांची कामं करायचा, पण जुन्या गाडीचं नाव काढलं की त्याच्या कपाळाला आठी पडायची.

"अर्थ कसा आहे?" वायरमनने विचारलं.

"कशाचा अर्थ?"

"कशाचा काय? मला तर वाटतं तुमचा अर्थच उलटा आहे. जुन्या वस्तूंत असतो तसा."

"हो, उलटाच आहे," जावई कळवळून म्हणाला. "लग्न झाल्यापासून बघतोय. आधी मला कळायचंच नाही. गोड बोलले की मी खूश व्हायचो."

वायरमन पलीकडून ओरडला, "साहेब, मी बॅटरीचं बोलतोय. अर्थ. अर्थिंग!"

समोर खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या बाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. जावई घाम पुसत पुढचं ऐकू लागला. भानगड अशी होती की बहुतेक गाड्यांत बॅटरीचं वजा टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेलं असतं, त्यालाच अर्थ म्हणतात. काही जुन्या गाड्यांत मात्र अधिक टोक जोडतात. साध्या बल्बला त्याचं काही नसतं, वीज कुठूनही आली तरी तो पेटतो. एलईडीला मात्र दिशा लागते. उलटी वीज दिली की ती ढिम्म बसून राहते.

"मग काय करू?"

"बॅटरीच उलटी लावून टाका!" म्हणून वायरमनने फोन ठेवला.

जावयाने पुन्हा वाचलं. बॅटरी उलटी लावली तर सासऱ्यांचा गाडीतला जुना रेडिओ जळणार होता, आणि त्या रेडिओवर सासरे रोज बातम्यांना नावं ठेवायचे. म्हणजे तो उपाय गेला. त्यापेक्षा तसल्याच गाड्यांसाठी केलेले दिवे मिळतात म्हणे. तो तडक दिव्यांच्या दुकानात गेला आणि घाईघाईत म्हणाला, "उलट्या अर्थाचे दिवे आहेत का?"

दुकानदार जरा मागे सरकला. "आहेत ना. आमच्याकडे सरळ अर्थाचं काहीच मिळत नाही," तो म्हणाला. इथेही तेच! पण शेवटी समजावल्यावर त्याने माळ्यावरून एक डबी काढली. त्यात खरंच तसले दिवे होते.

ते लागले. लखकन लागले! पण ते पांढरे होते, आणि लाल काचेतून पांढरी एलईडी गुलाबी दिसते, हे काही त्या डबीवर लिहिलेलं नव्हतं. बाईसाहेबांचा मागचा भाग गुलाबाच्या सरबतात बुडवल्यासारखा गुलाबी झाला.

"लिपस्टिक लावलीये का हिला?" लेकीने विचारलं.

"असू दे गं," सासरे म्हणाले. "या वयात नटायची हौस झाली असेल. आता पुढच्या आठवड्यात भुवया कोरून घेऊ."

जावयाने दात खाऊन ते बदलले. लाल काचेला लाल दिवाच लागतो, ही अक्कल त्याला आली. लाल आणले, लावले, आणि आता मागचे दिवे असे झाले की गॅरेजच्या समोरच्या भिंतीवर लाल उजेड पडला. ब्रेक दाबला की तो दुप्पट व्हायचा. दोन्हीतला फरक शेंबड्या पोरालाही कळला असता. जावयाला इतका आनंद झाला की त्याने एकट्यानेच टाळ्या वाजवल्या.

"आता सिग्नल," तो म्हणाला. "बाबा, डावा द्या."

सासऱ्यांनी डावा दिला. डावा लागला, पण लुकलुकेना, नुसता टक लावून बसला. मग जावयाने लुकलुकवणारी ती छोटी डबी बदलली, कारण जुन्या डबीला भरपूर वीज खाणारे बल्ब लागायचे आणि एलईडी खाते चिमणीएवढं. आता डावा लुकलुकायला लागला. पण त्याच्याबरोबर उजवाही! उजवा दिला तर डावाही. चारही कोपरे एकदम डोळे मारायला लागले.

सासरे गाडीतून उतरले, गाडीभोवती सावकाश एक फेरी मारली आणि म्हणाले, "हे मात्र बेस्ट केलंत. कुठे वळायचं ते आता मागच्याने ठरवायचं."

त्या रात्री जावई जेवला नाही. बायकोने विचारलं तेव्हा तो फुटला. "मला जमत नाही गं काही. तुझे बाबा बरोबरच बोलतात. गाडी जाणार, आणि ती माझ्यामुळे गेली असं ते जन्मभर गोडगोड बोलून सांगणार."

"वेडा आहेस," ती म्हणाली, आणि ते मात्र तिने सरळ अर्थानेच म्हटलं. मग त्याच्यासमोर ताट सरकवलं.

शनिवारी दुपारी त्याला दोष सापडला. डॅशबोर्डवर दोन्ही सिग्नलांना मिळून एकच इवलासा दिवा होता. त्यातूनच एका बाजूची वीज दुसऱ्या बाजूला पाझरत होती. साध्या बल्बांना तेवढ्याशा विजेने काही व्हायचं नाही, पण एलईडी तेवढ्यावरही पेटायची. त्याने त्या दिव्याची जोडणी वेगळी करून दिली. डावा दिला, डावाच लुकलुकला. उजवा दिला, उजवा. जावई गॅरेजात फरशीवर तसाच बसून राहिला आणि हसत सुटला.

सासऱ्यांनी तीनदा तपासलं. त्यांना नाव ठेवायला जागा सापडेना. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "हं," ते म्हणाले. या 'हं'ला उलटा अर्थ नव्हता, हे जावयाने पक्कं ओळखलं. त्याला गहिवरून आलं.

"रस्त्यावर बघितल्याशिवाय मी त्या गृहस्थांना नाही म्हणणार नाही," लेक म्हणाली. "बाबा पुढे जाऊ देत. तू आपल्या गाडीने मागून जा आणि बघ."

तिन्हीसांजेला दोघे निघाले. पुढे बाईसाहेब, मागे जावई. काय दिसत होते ते दिवे! लांबून ओळखू येत होते. पहिल्या वळणावर सासऱ्यांनी डावा सिग्नल दिला आणि डावीकडेच वळले. जावयाने स्टिअरिंगवर थाप मारली.

पुढे सरळ रस्ता होता. मोकळा. तिथे ब्रेकचा दिवा लागला. जावयाने वेग कमी केला, पुढे पाहिलं, काही नव्हतं. दिवा विझला आणि पुन्हा लागला. फुटपाथवर एक बाई पिशवी घेऊन उभी होती, नुसती उभी. दिवा विझला. मग एका कडेला लावलेल्या सायकलीशी लागला. मग खांबाच्या सावलीशी. मग कशाशीच नाही, उगीचच.

जावयाला वाटलं, वायर चिकटतेय कुठेतरी! त्याने हॉर्न वाजवून सासऱ्यांना थांबवलं, डिकी उघडली, एकेक जोड ओढून पाहिला. सगळे घट्ट. कुठे काही सैल नाही, काही चिकटलेलं नाही.

तो खिडकीशी आला. "बाबा, तुम्ही मधेमधे ब्रेक दाबत होता का?"

"छे हो. मी कशाला दाबू? मी तर पाय खिडकीबाहेर काढून बसलो होतो," सासरे म्हणाले.

पण ते त्याच्याकडे बघत नव्हते. त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, गाडी बंद असूनही घट्ट धरलेले, आणि त्यावर घामाचे ओले ठसे उमटले होते. जावई रोज दुकानात माणसं बघायचा. काउंटरवर हात ठेवून, साधी सर्दी आहे म्हणणारी, आणि हात थरथरणारी माणसं. त्याला एकदम सगळं कळलं. त्या दिवशी कुत्रं नव्हतंच. व्हॅनवाला खोटं बोलत नव्हता. सासरे रस्त्यावर प्रत्येक गोष्टीला घाबरत होते, आणि इतके दिवस ते मिणमिणत्या दिव्यांमागे लपलं होतं. आणि लखलखीत दिवे बसवून ते जगाला दाखवलं कुणी? त्यानेच!

तो फक्त म्हणाला, "सावकाश चला. मी मागे आहे."

घरी दारातच मायलेकी उभ्या होत्या. सासूबाई अख्ख्या वळून बघत होत्या. "काय रे?" लेकीने विचारलं. "कसे आहेत दिवे?"

जावयाने एकदा सासऱ्यांकडे पाहिलं. ते गाडीतून उतरून फडक्याने काच पुसत होते, नको तितका वेळ. हा सरळ माणूस, ज्याने दुकानात कधी गोळीसुद्धा बदलून दिली नव्हती, तो म्हणाला, "गडबड आहे. ब्रेकचा दिवा उगीचच लागतोय. माझीच चूक झालीये वायरिंगमध्ये. मला जमलं नाही. ते नीट होईपर्यंत बाबांनी गाडी चालवू नये. लागलं तर मी चालवेन."

"झालं!" लेकीने कपाळाला हात लावला. "आठवडाभर राबून हे दिवे लावलेस? थांब, त्या गृहस्थांना यायलाच सांगते." तिने फोन काढला.

जावई खाली मान घालून उभा राहिला. त्या एका शब्दावर त्याने पाणी सोडलं होतं. आता सासऱ्यांचं काहीतरी झणझणीत येणार म्हणून त्याने खांदे आवळून घेतले.

"फोन ठेव," सासरे म्हणाले.

फडकं त्यांच्या हातातच होतं. "वायरिंगमध्ये काही चूक नाही. कामात खोट काढायला गेलो तर मला सापडली नाही, म्हणजे कुणालाच सापडणार नाही. पाय माझा होता."

लेकीला अंदाज येईना. "बाबा, हे तुम्ही सरळ बोलताय ना?"

"सरळ. मला अंतर कळत नाही हल्ली. समोरचं सगळं अंगावर येतंय असं वाटतं. त्या दिवशी कुत्रं नव्हतं." ते सासूबाईंच्या मानेच्या पट्ट्याकडे बघत होते. "हिला सांगायचं होतं. धीर झाला नाही. मला भीती वाटते गं."

सासूबाई पुढे झाल्या आणि त्यांच्या हातातलं फडकं काढून घेतलं. "एवढं तरी आधी बोलायचं," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी त्या कुत्र्याला महिनाभर शिव्या घालतेय."

त्या गृहस्थांना येऊ नका म्हणून लेकीने कळवलं. किल्ली जावयाकडे आली. ती देताना सासऱ्यांनी एवढंच बजावलं, की दुसऱ्या गिअरला ती जरा कुरकुरते, तिला घाई करू नका.

रविवारी सकाळी जावई बाईसाहेबांना घेऊन निघाला. शेजारी सासरे, मागे मायलेकी. रस्ता मोकळा होता. थोडं पुढे गेल्यावर जावयाला शेजारी काहीतरी हलल्यासारखं वाटलं. त्याने खाली नजर टाकली. समोर लांबवर एक हातगाडी उभी होती आणि सासरे त्यांच्या बाजूला, जिथे काहीच नव्हतं तिथे, उजवा पाय गाडीच्या तळावर गच्च दाबत होते.

हातगाडी बरीच दूर होती. ब्रेकची काही गरज नव्हती. जावयाने ब्रेकवर हलकेच पाय ठेवला.

सासऱ्यांनी श्वास सोडला आणि पाय उचलला. पुढे एका फाटकाशी त्यांनी पुन्हा दाबला, तेव्हा जावयाने पुन्हा ठेवला. मागे एक मोटारसायकलवाला लांबूनच वेग कमी करून येत होता. असे ते गावाबाहेरच्या रस्त्याला लागेपर्यंत गेले, आणि सासरे वाटेत एक अक्षरही बोलले नाहीत.